अख्ख्याची भट्टी

लहानपणी त्याला अर्धा पेरू दिला तर तो फेकून द्यायचा. अख्खा हवा, नाहीतर नको. तेव्हापासून आईनेच त्याला अख्खा म्हणायला सुरुवात केली, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं नाव त्या दिवसापुरतंच उरलं. मोठा झाल्यावरही खोड गेली नाही. कबुतरं पाळली तेव्हा छपरावर कबुतरांशिवाय काही दिसेना. पोहायला शिकला तेव्हा अंगात ताप भरेपर्यंत नदीतून बाहेर आला नाही. अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे बायकोच्या वाट्याला उरलेलं सगळं येतं, आणि उरलेलं म्हणजे काय ते बायकांना सांगावं लागत नाही.

त्याच्या बायकोला घरात थापी म्हणत. हेही सासूनेच ठेवलेलं, ओला चिखल चोपायच्या लाकडी थापीवरून. बुटकी, खांद्यांनी रुंद, आणि जिथे पडेल तिथे आवाज करणारी. थापीला त्याचा राग नव्हता. तिच्या बापाचीही वीटभट्टीच होती, पाळण्यातून उतरली ती चिखलातच. वीट थापण्यात ती नवऱ्यापेक्षा काही सरस नव्हती. पण पेटलेल्या भट्टीभोवती फिरून तिचा धूर कुठून निघतो, कुठे लिंपण तडकतंय, कुठून वारा आत ओढला जातोय, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. तड दिसली की ओल्या चिखलाचा गोळा घेऊन ती लगेच बुजवायची. नाहीतर आग वाऱ्याच्या बाजूला धावते, तिकडच्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात आणि दुसऱ्या बाजूच्या कच्च्याच राहतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, भट्टी आपोआप जळते. आपोआप काही होत नाही.

त्या वर्षी नदीचं पाणी मातीच्या खाणीतून लवकर हटलंच नाही. इतरांच्या भट्ट्या पेटल्या तरी यांची माती अजून गुडघाभर पाण्यात. जेमतेम एका भट्टीपुरत्या विटा झाल्या. तीच एक भट्टी. ती साधली तर वर्ष निभावेल, बिघडली तर पुन्हा दुसऱ्याच्या भट्टीवर राबायला जायचं.

दुसऱ्याची भट्टी म्हणजे काय हे थापीला पुरतं माहीत होतं. आधल्या साली त्यांच्यावर तीच पाळी आली होती. वरच्या अंगाच्या मोठ्या भट्टीवर हे तिघं गेले, म्हाताऱ्या सासूसकट. तिथला मुकादम म्हातारीने उचललेल्या विटा पायाने उलथवून बघायचा आणि मोडकी निघाली की सगळ्यांसमोर तिलाच ती पुन्हा उचलायला लावायचा. एकदा म्हातारी चिखलात घसरून पडली. मुकादम म्हणाला, आजीला झोप आली वाटतं. सगळे हसले. अख्खाही कसनुसा हसला, कारण न हसून करतो काय. थापी हसली नाही. त्या संध्याकाळी तिने नदीच्या कडेला हात धुताधुता देवाला स्पष्ट सांगितलं होतं, की बाबा, मला काहीही कर, पण या बाईला पुन्हा इथे आणू नकोस.

ती देवाशी अशीच बोलायची, हात चालू ठेवून. आईने तसंच शिकवलं होतं. गुडघे टेकायला वेळ मिळेल तेव्हा टेक, पण तोवर गप्प बसू नकोस.

भट्टी रचून झाली आणि नेमकी त्याच आठवड्यात प्रार्थनामंदिरात बाहेरचे पाळक आले. रोज संध्याकाळी सभा. माणूस मोठा गोड बोलणारा, आवाज असा की मागच्या बाकावरच्या माणसाला वाटावं, आपल्याशीच बोलतोय. पहिल्या दिवशी त्यांनी पापाबद्दल सांगितलं, दुसऱ्या दिवशी क्षमेबद्दल. तिसऱ्या दिवशी म्हणाले, अर्धं मन देवाला चालत नाही. घरातल्या सगळ्या खोल्या त्याला दाखवता आणि एकीची किल्ली कनवटीला ठेवता. ती किल्ली आज द्या. जे सर्वांत घट्ट धरलंय, त्यावरचा हात काढा. ज्यांनी सगळं दिलं, त्यांनी उभं राहावं.

आता अर्धं मन चालत नाही असं अख्ख्यासमोर म्हणणं म्हणजे सुक्या गवतावर जळती काडी टाकणं. तो सगळ्यांत आधी उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाणी खरं होतं, थापीला त्यात शंका नव्हती. या माणसाने आयुष्यात खोटं काही केलं नाही, हीच तर अडचण.

बाकीचेही उठले. एकेक करत सगळं मंदिर उभं राहिलं आणि बसलेली दिसली ती एकटी थापी. सासूसुद्धा काठी टेकत उठली होती. थापीला उठायचं होतं. पण सर्वांत घट्ट काय धरलंय असं स्वतःला विचारलं तर डोळ्यांपुढे भट्टी आली, आणि भट्टी देते असं म्हणायला मन होईना. खोटं उभं राहण्यापेक्षा खरं बसणं बरं, असा तिने विचार केला आणि ती मान खाली घालून बसून राहिली.

मंडळीचे कारभारी पुढच्या रांगेत होते. त्यांचं गावात कापडाचं दुकान, बोलणं मोजकं आणि मापाचं. त्यांनी मागे वळून एकवार सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काही लोक अजून विचार करतायत. प्रभू त्यांच्यासाठी थांबेल." सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. थापीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण देवाच्या घरात बसून काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्याने भट्टी पेटवली. बुडातल्या तोंडांत लाकडं सरकवली, आग आत नीट धरली तेव्हा तोंडं बुजवली आणि वरून खालपर्यंत लिंपण केलं. इथवर सगळं रीतसर. मग त्याने बादलीत कोपरापर्यंत हात धुतले, अंगरखा चढवला आणि थापीला म्हणाला, "आता तिला हात लावायचा नाही."

थापीला वाटलं, आत्ता लगेच नाही असं म्हणतोय.

"अजिबात नाही," तो म्हणाला. "मी काल देऊन टाकली. आता ती त्याची. त्याची वस्तू तो सांभाळेल. आपण मध्येमध्ये बोटं घालायची म्हणजे दिलेलं परत घेणं झालं."

तिने त्याला नाना परींनी समजावलं. दुपारनंतर वारा फिरतो, तड पडली तर कोण बुजवणार, देव काय चिखल कालवायला येणार आहे का. त्यावर तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तो शांतपणे हसला आणि म्हणाला, "तू काल उठली नाहीस ना, म्हणून तुला असं वाटतं." भट्टीकडे नजर गेली तरी मोह होईल म्हणून थंड होईपर्यंत तिकडे बघायचंसुद्धा नाही, असं त्याने ठरवलं होतं. तसा तो पाठ फिरवून निघाला तो थेट मंदिरात. बाकं हलवायची, पाणी भरायचं, पाहुण्यांचं बघायचं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला माणूस मोकळा आणि घरची भट्टी वाऱ्यावर.

थापी भट्टीपाशी उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला राग कशाचा आला ते तिचं तिला नीट कळलं होतं. देवाला दिल्याचा नाही. ही माती तिने तुडवली होती, या विटांपैकी निम्म्या तिने थापल्या होत्या, म्हातारीने वाकलेल्या कमरेने त्या पलटून वाळवल्या होत्या. आणि हा एकटा उभा राहून डोळे पुसत सगळं देऊन मोकळा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय.

कारभारीही दुपारी येऊन गेले, दोन माणसं बरोबर घेऊन. अख्ख्याने जे केलं त्याची गोष्ट एव्हाना मंदिरातून बाजारात पोचली होती. त्यांनी धोतराचा सोगा वर धरून भट्टीला लांबूनच एक फेरी मारली, वा वा म्हटलं आणि थापीला सांगितलं, की बाई, तुमच्या घरात फार मोठी गोष्ट घडतेय, शंकेने ती नासवू नका. थापीने त्यांना विचारलं, तुम्ही दुकान दिलंत का, काल उभे होतात म्हणून विचारते. कारभारी म्हणाले, दुकान देवाचंच आहे. आज उघडलंय ना, तिने विचारलं. ते म्हणाले, म्हणजे काय, उघडायला नको? आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन घाईने निघाले.

पहिला दिवस निभावला. धूर सरळ वर जात होता. थापी घरातून बघायची, पाण्याला जाताना बघायची, येताना बघायची, पण जवळ गेली नाही. नवऱ्याच्या शब्दापुढे नव्हे, सासूपुढे तिचं चालेना. म्हातारी म्हणाली, त्याने देवाला शब्द दिलाय पोरी, तू मोडलास तर पाप कुणाच्या माथी लागेल मला कळत नाही, मला भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. आधी अंगणातली धूळ उठली, मग दोरीवरचे कपडे उलट्या बाजूला फडफडले. थापी धावत बाहेर आली. नदीकडच्या अंगाला लिंपणात मनगट जाईल एवढी तड पडली होती आणि आतून लालभडक डोळा दिसत होता. धूर आता सरळ जाईना, तडीतून ज्वाळेची जीभ बाहेर येऊन वारा लागला की आत ओढली जाई.  अजून थोडा वेळ गेला की ती बाजू वितळणार.

ती मंदिराच्या दिशेने बघत राहिली. शेवटचा दिवस म्हणून तिथे दुपारपासूनच सभा बसली होती, गाण्याचा आवाज येत होता. बोलवायला जावं तर तो येणार नाही, आणि आलाच तर तिचा हात धरून अडवायला येईल.

म्हातारी दारात उभी होती. तिनेही तड पाहिली.  मग म्हणाली, "मुकादम अजून तोच आहे का गं तिथे?"

"तोच आहे."

म्हातारीने काठी भिंतीला टेकवली आणि राखेचं घमेलं उचललं.

मग दोघी लागल्या. म्हातारीने माती आणि राख पाण्यात कालवून गोळे करायचे, थापीने ते घेऊन जायचं. पोत्याचं तरट भिजवून तिने डोक्यावरून घेतलं आणि हात पुढे करून पहिला गोळा तडीत दाबला. गोळा आत जाऊन वाळून पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला तिने नुसतं दाबून सोडलं नाही, तळव्याने धरून ठेवला. हाताला आच लागली, मग आच कळेनाशी झाली, तेव्हा तिने हात काढला. गोळा टिकला. त्याच्या वर दुसरा, त्याच्या वर तिसरा. एक तड बुजवावी तर कोपऱ्यावर दुसरी उघडत होती. पत्र्याचे तुकडे, दाराची फळी, कबुतरांचा जुना खुराडा, जे मिळेल ते तिने वाऱ्याच्या अंगाला आडवं लावलं. भुवया जळाल्याचा वास आला. म्हातारी गोळे करताकरता रडत होती की घामाने डोळे चुरचुरत होते, कळायला मार्ग नव्हता.

थापी बोलत होती. गोळा दाबायचा आणि बोलायचं. सुरुवातीला ती देवाशी चक्क भांडतच होती. तो तिकडे तुझी गाणी म्हणतोय आणि मी इथे भाजतेय, हे बरं चाललंय तुझं. तुला काय विटा हव्या आहेत? तुझ्या घराला भिंती आहेत. दे म्हणतोस, दे म्हणतोस, आणि देताना कुणी कुणाचं देतं ते बघत नाहीस. असं बरंच काही. पुढे पुढे दम लागल्यावर शब्द कमी झाले. सर्वांत खालची तड तिच्या हाताला पोचेना, म्हणून ती पोटावर आडवी झाली. आच थेट तोंडावर येत होती. तिथे तिला पहिल्यांदा वाटलं, की आता भट्टी राहते की जाते ते काही आपल्या हातात नाही. तिने गोळा दाबून धरला आणि म्हणाली, "घे. जळायची असेल तर जळू दे, तुझी आहे. पण हात मी काढत नाही. हातही तुझेच आहेत."

ते उभं राहून म्हणता आलं नव्हतं. आडवं पडून म्हणता आलं.

उन्हं कलली तेव्हा वारा पडला. धूर पुन्हा सरळ झाला. थापीच्या उजव्या हाताचं कातडं कोपरापासून मनगटापर्यंत सुटलं होतं आणि डाव्या तळव्यावर फोड आले होते. म्हातारीने जुन्या लुगड्याच्या चिंध्या गार पाण्यात भिजवून गुंडाळल्या. अख्खा सभेवरून आला, बायकोचे बांधलेले हात बघून म्हणाला, भाजलं का, जपत जा गं. आणि पाहुण्या पाळकांनी निरोपाच्या वेळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून काय म्हटलं ते सांगायला लागला. कशाने भाजलं ते त्याने विचारलं नाही. थापीला वाटलं, विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. ती वाट बघत होती.

पुढचे सगळे दिवस भट्टी आपल्या गतीने जळली आणि निवत गेली. धूर संपला, वरच्या थराच्या विटा लाल दिसू लागल्या. रस्त्याने जाणारे थांबून बघत आणि मान हलवत. हात न लावता भट्टी साधली म्हणून अख्ख्याचं नाव झालं. लोक त्याला थांबवून विचारत, तो नम्रपणे वर बोट दाखवी. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यालाही एवढा मान कधी मिळाला नसेल.

रविवारी उपासनेत कारभाऱ्यांनी त्याला साक्ष द्यायला पुढे बोलावलं. थापी मागच्या बाकावर होती, हात ओच्यात घेऊन. सासू शेजारी. अख्खा उभा राहिला, नेहमीसारखा अख्ख्या मनाने. म्हणाला, मी दुबळा माणूस, पण मी पकड सोडली. वारा आला, वादळ आलं, माणसाचं एक बोटही त्या भट्टीला लागलं नाही, आणि आज तुम्ही जाऊन बघा. लोक म्हणाले, आमेन.

थापीच्या शेजारून म्हातारीचा हात तिच्या गुडघ्यावर आला. गप्प बस म्हणून आला की ऊठ म्हणून, हे थापीने विचारलं नाही. ती उभी राहिली.

"बोट लागलं," ती म्हणाली.

कारभारी म्हणाले, "बाई, साक्ष चालू आहे."

"मीपण साक्षच देतेय." ती रागानेच बाकाबाहेर आली. "वारा फिरला त्या दिवशी तुम्ही सगळे इथे गात होतात. मी आणि सासूबाई तड बुजवत होतो. दुपारभर. हे बघा." तिने चिंध्या सोडायला घेतल्या, पण फोड फुटून कापड चिकटलं होतं, म्हणून तसेच हात वर केले. "देवाने भट्टी सांभाळली नाही असं मी म्हणत नाही. त्यानेच सांभाळली. मी तिथे होते, मला माहीत आहे. पण माणसाचा हात लागला नाही असं म्हणू नका. आम्ही माणसंच आहोत."

मंदिरात कुणी आमेन म्हटलं नाही. बायकांच्या रांगेत कुणीतरी खोकलं. कारभाऱ्यांनी घाईघाईने गीत सुरू केलं, मोठ्या आवाजात आणि चुकीच्या पट्टीत, आणि मंडळी त्यांच्या मागोमाग लागली. बाहेर बायका थापीच्या बाजूने जाताना पदर सावरून गेल्या. एकीने मात्र ऐकू येईल असं म्हटलं, चारचौघांत नवऱ्याचं नाक कापलं. थापीने ऐकलं आणि तिला वाईट वाटलं, कारण नाक खरंच कापलं होतं.

अख्खा मात्र गीत चालू असताना बसलाच नव्हता. पुढे तसाच उभा होता, सगळी कडवी संपेपर्यंत. गातही नव्हता.

 दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भट्टी उघडायला घेतली. थापीला काही धरता येत नव्हतं, ती दारात बसून बघत होती. त्याने वरचे थर उतरवले, मग नदीकडच्या अंगाला आला. खालचा एक कोपरा वितळून गेला होता, बाकी विटा खणखणीत होत्या. वर्ष निभावणार होतं. तो लिंपणाचे पोपडे काढून बाजूला फेकू लागला आणि फेकताफेकता थांबला. पोपडे भाजून कडक झाले होते आणि त्यांच्यावर बोटं उमटली होती. आखूड, रुंद बोटं. एका ठिकाणी तर सगळा तळवा. त्याने तो तुकडा हातात घेतला आणि त्यावर आपला हात ठेवून पाहिला. हात मोठा होता, बसला नाही. मग तो खाली वाकला, अगदी जमिनीलगतचं लिंपण बघायला, आणि तिथेच उकिडवा बसला.

"मला का नाही बोलावलंस?" त्याने तिथूनच विचारलं.

"आला असतात का?"

त्याने खोटं उत्तर दिलं नाही. "नाही," म्हणाला.

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा रोजच्या सवयीने म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. जेवणाआधीची प्रार्थना तोच करायचा, लांबलचक, अन्न निवेपर्यंत. तो थापीकडे बघून म्हणाला, "आज तू कर."

थापीला घास उचलता येत नव्हता, सासू भरवणार होती. तिने बांधलेले हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. राग अजून गेला नव्हता आणि तो गेल्याचं सोंग तिला देवापुढे करायचं नव्हतं.

"देवा," ती म्हणाली, "भट्टी राखलीस, तुझे उपकार आहेत. म्हातारीला आता कुठे जायला लागणार नाही. माझे हात तू घेतलेस, आता थोडे दिवस तरी ते कशाच्या कामाचे नाहीत. याने तुला सगळं दिलंय, सगळ्यांसमोर दिलंय, मी बघितलंय. फक्त हात द्यायचे विसरलाय. तेवढे घे. आमेन."

म्हातारीने आमेन म्हटलं.  थापीने डोळे उघडले तर अख्खा आपल्या हातांकडे बघत होता. ते स्वच्छ होते, त्या दिवशी बादलीत कोपरापर्यंत धुतले तेव्हापासून त्यांना माती लागली होती ती आज भट्टी उतरवण्यापुरती.

"आमेन," तो म्हणाला. मग त्याने तिचं ताट आपल्याकडे ओढलं, पहिला घास केला आणि तिच्या तोंडापुढे धरला.